सोळाशे पंच्याऐंशीपाशी अडलेले काका

शिरीषचा फोन आला तेव्हा मी ब्रॅकनेलला आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये ट्रे घेऊन रांगेत उभी होते. "मीनल, बाबा गेले," एवढं तो मराठीत म्हणाला आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्ये... गेले काही दिवस तो वडिलांकडेच राहत होता, सकाळी चहा घेऊन वर गेला तर काका उठलेच नाहीत, डॉक्टर येऊन गेले, सगळं शांतपणे झालं. मी "बरं" म्हणाले. माणूस गेल्याचं ऐकून कुणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं. ट्रे तिथेच ठेवून कार पार्कमध्ये जाऊन उभी राहिले, आणि डोक्यात पहिला विचार काय यावा, तर काकांनी सांगितलेली नकाशातली दुरुस्ती अजून करायची राहिली आहे, आता ओरडा बसणार. ओरडायला काकाच नाहीत हे कळायला आणखी थोडा वेळ लागला. मग मात्र गाडीत बसून भरपूर रडून घेतलं.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. अनंतकाका रिसबूड म्हणजे लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आमच्या स्नेहमंडळाचे अध्यक्ष, गणिताचे निवृत्त शिक्षक आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईचे, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, मराठीतले मुखत्यार. मूळचे सांगलीचे. इतिहासात एम.ए. केलं, थोडे दिवस तिथल्याच हायस्कूलमध्ये इतिहास शिकवला आणि साठच्या दशकात इंग्लंडला शिक्षक हवेत म्हटल्यावर बोटीत बसले. इथे मुलाखतीत त्यांना सांगण्यात आलं, इतिहासाचं राहू द्या, तुम्ही इंडियन लोक गणितात हुशार असता. मग पुढची सगळी नोकरी काकांनी गणित शिकवलं. तक्रार केल्याचं कुणी ऐकलं नाही, पण इतिहास आत साठत गेला असणार, कारण निवृत्तीनंतर तो जो बाहेर पडला तो आवरेना. दर हिवाळ्यात चर्चचा हॉल भाड्याने घेऊन शनिवारी संध्याकाळी त्यांची व्याख्यानं असायची. विषय कायम एकच. बहात्तर वर्षं गादीवर बसलेला राजा असल्यामुळे विषय संपायची भीती नव्हती.

मी नागपूरहून आले ती कॉम्प्युटरवाल्यांची वायटूकेची, दोन हजार सालाची गडबड आटोपता आटोपता. स्लाऊला भाड्याच्या घरात राहत होतो, ओळखीचं कुणी नव्हतं, मराठी ऐकायला मिळेल म्हणून नवऱ्याला ओढत हॉलवर नेलं. पुढच्या रांगेत हात असलेली एक बरी खुर्ची रिकामी दिसली, तिच्यावर बसले. तेवढ्यात टाय लावलेले, उंच, ताठ असे एक गृहस्थ समोर येऊन उभे राहिले. "ही खुर्ची पाहुण्यांची. तुम्ही इथे कधी आलात? या वर्षी? मग मागून तिसरी रांग." मी नागपूरची, गप्प बसणं आमच्या रक्तात नाही. म्हटलं, "आमच्याकडे आलेल्या माणसाला आधी पाणी विचारतात." "पाणी मागे टेबलावर आहे," काका म्हणाले, "हातानं घ्यायचं." आणि नंतर व्याख्यान काय, तर व्हर्सायच्या राजवाड्यात राजासमोर हाताच्या खुर्चीत कुणी बसायचं, बिनहाताच्या खुर्चीत कुणी, नुसत्या तिवईवर बसायला मिळावं म्हणून कुठल्या सरदारणी आयुष्यभर कशा झुरल्या, आणि बाकी सगळे कसे उभे! मागून तिसऱ्या रांगेत बसून मला हसू आवरेना. काकांनी ते पाहिलं. व्याख्यान झाल्यावर स्वतः येऊन म्हणाले, "तुम्हाला समजलं. बाकीच्यांना वाटतं मी फ्रान्सबद्दल बोलतोय."

पुढे अहो-जाहोचं अगं-तुगं व्हायला फार दिवस लागले नाहीत. मला कॉम्प्युटर येतो म्हटल्यावर मी त्यांची स्लाइडवाली झाले. तोपर्यंत काका जुन्या पलंगपोसावर फॅब्रिक पेंटने रंगवलेला फ्रान्सचा नकाशा भिंतीला टांगायचे. शनिवारी सकाळी मी त्यांच्या घरी जायची, सुमनकाकू पोहे करायच्या आणि काका खोलीत येरझाऱ्या घालत सांगायचे, हे चित्र इथे, हे तिथे, अक्षर मोठं कर, पाठीमागचा रंग तो लग्नपत्रिकेसारखा नको. सकाळी राजा उठला की त्याला सदरा कुणी द्यायचा यावरून मानकऱ्यांची कशी चुरस लागे, ते सांगताना त्यांना भान राहत नसे. स्वतःच राजा व्हायचे, स्वतःच सदरा घेऊन उभा असलेला ड्यूक व्हायचे. त्यांची नात ऋचा, शिरीषची मुलगी, तेव्हा प्रायमरीत होती. शनिवारी आजीकडे असायची. ती जमिनीवर मांडी घालून हे सगळं बघायची आणि खिदळायची. "आजोबा, पुन्हा कर ना! डू द शर्ट!" आणि अख्ख्या मंडळाला धाकात ठेवणारे काका तिच्यासाठी पुन्हा उठून झोपेतून जागे व्हायचे.

मी एकदा विचारलं, आपल्या महाराजांच्याच काळातला हा माणूस, मग महाराजांवर का नाही बोलत? ते म्हणाले, "महाराजांवर बोलायला सगळा महाराष्ट्र आहे. या बिचाऱ्याचं मराठीत कोण आहे?" बिचारा! राजवाड्यासाठी नदी वळवायला निघालेला, अर्ध्या युरोपशी लढलेला माणूस काकांना बिचारा वाटायचा. कारण त्यांच्या लेखी तो भेदरलेला मुलगा होता. पाच वर्षांचाही नव्हता तेव्हा बाप गेला, गादी मिळाली, थोड्याच वर्षांत बंड झालं. राजा पळून तर गेला नाही ना हे बघायला पॅरिसची माणसं थेट त्याच्या शयनगृहात शिरली आणि तो मुलगा डोळे घट्ट मिटून झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. "त्या मुलानं मोठेपणी काय केलं?" काका म्हणायचे. "सगळ्यांना आपल्या डोळ्यांपुढे आणून ठेवलं. घाबरलेला माणूस असंच करतो. सगळं मुठीत धरतो."

स्वतः काकाही तसेच होते, आणि त्यांची भीती मला काकूंकडून कळली. शिरीष लहान असताना शाळेतल्या बाईंनी आईवडलांना बोलावून बजावलं होतं, घरी तुमची भाषा बोलू नका, मुलगा मागे पडेल. नवीन देश, काका स्वतः शिक्षक, शिक्षिकेचा शब्द खोटा कसा मानणार? त्या दिवसापासून घरात इंग्लिश सुरू झालं. दोन वर्षांत शिरीषची मराठी गेली ती गेलीच. "माझ्या घरातून मराठी दुसऱ्या कुणी नाही घालवली," काका एकदा माझ्याशी बोलता बोलता म्हणाले, "माझ्याच तोंडानं घालवली." मी पोह्यांची ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेले.

हे सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. मंडळात आधीपासून एक सवलत होती. गणपतीच्या कार्यक्रमात मोठ्यांनी मराठी बोलायचं, पण इथे जन्मलेल्या मुलांना स्टेजवर इंग्लिश चालेल. काका अध्यक्ष झाल्यावर त्यांनी ही सवलत काढून टाकली. मंडळाचे सेक्रेटरी सबनीस, अतिशय भला माणूस, पण काकांना रुचेल तेच काकांच्या कानावर जाईल अशी काळजी घेणारे. त्यांनी सांगितलं, "काका, आता आपली सगळी मुलं छान मराठी बोलतात. सवलत हवीय कुणाला?" भरलेल्या सभेत टाळ्यांच्या गजरात ठराव झाला. रंगमंचावर फक्त मराठी. शिवाय काकांनी घटना अशी पक्की बांधली होती की नियम बदलायचा तर निम्मे सभासद समोर हवेत. सभासदत्व आजीव, कुणाचं नाव काढायचं नाही. आणि कोरम नसेल तर अर्ध्या तासाने त्याच जागी सभा भरवून मोकळं व्हायची जी सोय आपल्या प्रत्येक सोसायटीत असते, ती त्यांनी "पळवाट" म्हणून काढून टाकली होती.

आणि त्याच वर्षी ऋचाने नाटुकलं लिहिलं. अकरा वर्षांची होती. बरोबरच्या मुलांना गोळा करून, घरच्यांना पत्ता लागू न देता, आजोबांना सरप्राइज म्हणून बसवलं. स्वतःचा सदरा स्वतः घालता न येणाऱ्या राजाची गोष्ट. पुठ्ठ्याचा मुकुट, शिरीषचा पांढरा शर्ट, एकाच्या डोक्यावर कापसाचा टोप. सगळं इंग्लिशमध्ये. तालमीच्या दिवशी मी हॉलमध्ये होते. पहिली दोन वाक्यं झाली आणि पहिल्या रांगेतून काकांनी थांबवलं. "मराठीत." ऋचाला वाटलं आजोबा गंमत करतायत. ते पुन्हा म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा. माझ्या नातीला आधी." तिने प्रयत्न केला हो... "राजा उठला... राजाचा शर्ट... शर्ट कुठे आहे तो..." आणि अडकली. मागे मोठ्यांपैकी कुणीतरी हसलं. वाईट मनाने नसेल, पण हसलं. तिने मुकुट काढून स्टेजच्या कडेला ठेवला आणि खाली उतरून सरळ बाहेर गेली. शिरीष तिच्यामागे गेला. काका त्यांच्या पाठमोऱ्या आकृत्यांकडे बघत राहिले आणि म्हणाले, "पुढचा कार्यक्रम."

पुढचा कार्यक्रम असा झाला की वर्षभरात मुलंबाळं असलेली बहुतेक घरं मंडळात येईनाशी झाली. ब्रॅकनेलला, जिथे आमच्यातले निम्मे लोक नोकरीला होते आणि शिरीषचं घरही होतं, त्यांनी वेगळा गणपती बसवला. मराठी माणूस आणि वेगळं मंडळ यात नवल काय म्हणा! मीही पुढे तिकडे घर घेतलं, पण दोन्हीकडे जात राहिले, दोन्हीकडचे मोदक खाल्ले आणि दोन्हीकडून फितूर म्हणून चिडवून घेतलं. ब्रॅकनेलचा गणपती बघता बघता वाढला. ढोल-लेझीम आली, मुलं निम्मी मराठी निम्मी इंग्लिश अशी धमाल नाटकं करू लागली. स्लाऊचा हॉल मात्र रिकामा होत गेला. सुमनकाकू गेल्या. ऋचा आजोबांना भेटायची, नाही असं नाही, पण हाय आणि बाय. सदऱ्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि काकांनीही नाही.

व्याख्यानं चालूच होती, त्यात माझ्या एक लक्षात आलं. काका दर वर्षी लुईचं राज्य सुरुवातीपासून सांगत यायचे, बंड, राजवाडा, कालवे, नाटकं, पहिल्या लढाया, आणि सोळाशे पंच्याऐंशी साल आलं की उडी मारून थेट स्पेनच्या वारसायुद्धावर जायचे. मी इतिहासात ढ, तरी स्लाइडा करून करून मलाही कळलं होतं की त्या साली काय झालं. राजाच्या आजोबांनी प्रोटेस्टंट लोकांना त्यांच्या पद्धतीने प्रार्थना करायची मुभा दिली होती. नातवाने ती काढून घेतली. दरबाऱ्यांनी त्याला सांगितलं होतं, आता तसे लोक फारसे उरलेच नाहीत, मुभा ठेवून करायचं काय? आणि मग ते न उरलेले लोक लाखांनी देश सोडून गेले, विणकर, सोनार, घड्याळजी, हातात कला असलेले. कितीतरी इथे इंग्लंडमध्ये आले. "काका, त्या सालाची स्लाइड?" मी दर हिवाळ्यात विचारायची. "यंदा राहू दे," ते म्हणायचे. मला कारण माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं सुरू झालं. त्यानंतर एका शनिवारी स्वतःहून म्हणाले, "चल, लंडनला जाऊन येऊ. फोटो काढायचेत." स्पिटलफील्ड्सला, पूर्व लंडनमध्ये, त्या निर्वासित विणकरांची घरं अजून उभी आहेत. मागाला उजेड मिळावा म्हणून पोटमाळ्याला मोठमोठ्या खिडक्या केलेल्या. त्यांनी बांधलेलं एक प्रार्थनाघर पुढे ज्यू लोकांचं झालं आणि आता तिथे बांगलादेशी माणसं नमाज पढतात. लोकांना हिंडवून माहिती सांगणाऱ्या एक वयस्क गाइड बाई होत्या. काकांनी त्यांना एकच प्रश्न विचारला. "हाऊ लाँग डिड दे कीप देअर फ्रेंच?" बाई म्हणाल्या, आजीआजोबा फ्रेंचमध्ये प्रार्थना करायचे, नातवंडं इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, मग नावंही बदलली. पण आपण कुठून आलो ते मात्र कुणी विसरलं नाही, अजूनही त्यांचे वंशज येतात आणि मलाच ऐकवतात! काका खिडक्यांकडे बघत उभे राहिले. मी फोटो काढले. परतताना ट्रेनमध्ये म्हणाले, "मीनल, त्या नातवंडांना फ्रेंच येत नव्हतं. गोष्ट मात्र त्यांनीच जपली." थोड्या वेळाने... "माझ्या पोरीनं माझी गोष्ट तिच्या भाषेत आणून माझ्या पुढ्यात ठेवली होती. आणि मी काय केलं?" स्लाऊला उतरताना म्हणाले, "स्लाइड कर."

ती स्लाइड त्यांनी स्लाऊला दाखवली नाही. मला म्हणाले, ब्रॅकनेलवाल्यांना विचार, मला बोलावतील का? मी विचारल्यावर तिकडे आधी चेष्टा झाली, मग चुळबूळ, आणि मग सगळे गोळा झाले. काका टाय लावून आले आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली ती इंग्लिशमध्ये. बारीकशी सांगली त्या इंग्लिशमध्ये होतीच. आयुष्यात पहिल्यांदा ते इंग्लिशमध्ये इतिहास शिकवत होते. मंडळाचं नाव त्यांनी घेतलं नाही, सवलतीचा उल्लेख नाही, फक्त राजाने काय केलं ते सांगितलं. राजाची बाजूही सांगितली. तो दुष्ट नव्हता, त्याला एकसंध घर हवं होतं, आणि सगळं छान चाललंय असं सांगणारी माणसं त्याने स्वतःच भोवती जमवली होती. शेवटी ऋचाचा हात वर झाला. आता सतरा वर्षांची, ए लेव्हल म्हणजे इथली अकरावी-बारावी करणारी, आजोबांसारखीच उंच. "डिड ही एव्हर से सॉरी?"

काका खोटं सांगणाऱ्यांतले नव्हते. म्हणाले, मरताना त्याने आपल्या पाच वर्षांच्या पणतूला जवळ बोलावून सांगितलं, मी बांधकामं फार केली, युद्धं फार केली, तू तसं करू नकोस. पण या गोष्टीबद्दल नाही. याबद्दल त्याने धर्मगुरूंना सांगितलं, मी तुमच्या सांगण्यावरून केलं, देवाला जाब तुम्ही द्या. असं तिथे हजर असलेले लोक लिहून गेलेत. "दॅट्स अ रबिश सॉरी, आजोबा," ऋचा म्हणाली. लोक हसले. काका हसले नाहीत. "येस," ते म्हणाले, "इट इज." आणि मग मराठीत, सगळ्यांदेखत, "ऋचा, मी कुणाच्या सांगण्यावरून नाही केलं. मीच केलं. माझं चुकलं." ती काही धावत येऊन गळ्यात पडली नाही. "ओके," म्हणाली आणि बसली. चहाच्या वेळी काकांनी तिला विचारलं, ते नाटक आहे का गं अजून? "नाही. मी फेकला ते," ती म्हणाली. "केव्हाच." पण त्यांचा चहाचा कप तिनेच धरला होता.

त्यानंतर ती दर शनिवारी स्लाऊला जायला लागली. काकांचे हात थरथरायचे, शर्टाची बटणं लागायची नाहीत, ती लावून द्यायची. एकदा मी गेले तर काका अंथरुणाच्या कडेला बसलेले आणि ती समोर गुडघे टेकून बटणं लावतेय. काका मला म्हणाले, "बघ, हे काम मिळावं म्हणून ड्यूक भांडायचे." "आजोबा, सिट स्टिल," ती म्हणाली, "नाहीतर मी जॉब सोडेन."

काकांना मात्र आता एकाच गोष्टीचा ध्यास लागला, जायच्या आत ती सवलत परत द्यायची. मी म्हटलं, काका, तुम्ही अध्यक्ष, उद्यापासून इंग्लिश चालेल म्हणा, कोण विचारतंय? तर म्हणाले, "नियम मी केला म्हणूनच तो मोडायचा अधिकार मला सगळ्यात कमी." रीतसर नोटीस काढून सभा बोलावली. सभासदांतले निम्म्याहून जास्त ब्रॅकनेलचे. मी घरोघरी फोन केले. कुणी वाईट बोललं नाही. "अगं, काकांना सांग, आमच्या मनात काही नाही." कुणाच्या मुलाची फुटबॉलची मॅच होती, कुणाकडे क्रेडिट क्रंचच्या मंदीमुळे नोकरीचं काही खरं नव्हतं, आणि खरं म्हणजे त्या नियमाचं कुणाला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही जेमतेम दोन रांगा भरलो. काकांनी घड्याळ बघितलं, दाराकडे बघितलं. सबनीसांनी "सभा तहकूब" असं जाहीर केलं आणि चष्मा पुसत बसले. बाहेर गाडीत बसवताना काका मला म्हणाले, "माणसांना घालवणं सोपं असतं गं. परत बोलवायचं तर त्यांना यायला काही कारण लागतं." ती आमची शेवटची भेट.

परवा त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. मी वेळेआधी गेले होते, तरी गाडी लावायला जागा मिळाली नाही. सगळं ब्रॅकनेल आलं होतं. कोण एजवेअरहून, कोण थेट लीड्सहून. खुर्च्या संपल्या, माणसं भिंतीला टेकून उभी. शिरीष बोलला, मीही दोन शब्द बोलले. ऋचालाही बोलायचं होतं, ती स्टेजच्या पायरीपाशी हातात कागद घेऊन उभी होती आणि कागद इंग्लिशमध्ये होता. सबनीस माइकपाशी गेले. श्रद्धांजलीचा ठराव वाचणार म्हणून आम्ही वाट बघत होतो, तर ते नुसतेच सगळीकडे नजर फिरवत राहिले. ओठ हलत होते. मोजत होते ते! मग म्हणाले, "आज कोरम आहे."

एकदम कुजबुज झाली. "सबनीस, शोकसभा आहे हो ही!" मागून कुणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, अजेंड्यावर विषय नाही. तिसरा म्हणाला, नोटीस लागते. आणि खरं सांगते, डोळे पुसत पुसत आमची माणसं घटनेच्या कलमांवरून भांडायला लागली. सबनीसांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी चढला. "नोटीस खुद्द काकांनी काढलेली आहे. सभा तहकूब झाली होती, रद्द नाही. काकांना चुकीची माहिती मी दिली होती, मुलं छान मराठी बोलतात म्हणून. तर तीच सभा मी आत्ता पुढे चालू करतोय. मुलांची सवलत परत द्यावी, असा काकांचा ठराव आहे. ज्यांना मान्य आहे त्यांनी उभं राहावं... आणि मग काकांसाठी दोन मिनिटं तसंच उभं राहू या."

खुर्च्यांचा मोठा आवाज झाला आणि सगळा हॉल उभा राहिला. मी रडत होते, शेजारची बाई रडत होती, सबनीस माइक धरून उभे होते. दोन मिनिटं झाली तरी कुणी बसेना. मग ऋचा पायऱ्या चढून वर गेली, माइक आपल्या उंचीचा करून घेतला, कागद घडी करून खिशात टाकला. "माय आजोबा वॉज अ व्हेरी डिफिकल्ट मॅन," ती म्हणाली. हॉल हसला, तीही हसली आणि पुढे बोलत राहिली, इंग्लिशमध्ये, त्याच स्टेजवरून, सलग. मी सवयीने पहिल्या रांगेकडे बघत होते. तिला कुणीच थांबवलं नाही, आणि तेव्हा मला कळलं की काका खरंच गेले.